अस्थिदीर्घीकरणातील रोपित साधने व त्यांचे उपद्रव

जन्मतः आखूड असलेले किंवा रोग, इजा इत्यादींमुळे आखूड राहिलेले हाड छेदून त्याची दोन टोके दररोज अत्यल्प अंतराने एकमेकांपासून दूर नेणे व मधल्या जागेत नवे हाड तयार होऊ देणे, या शस्त्रक्रियात्मक उपचारास अस्थिदीर्घीकरण म्हणतात. हा उपचार मुख्यतः पायाच्या ऊर्वस्थी (मांडीचे हाड) व अंतर्जंघास्थी (नडगीचे हाड) या दोन हाडांवर करतात. टोके दूर नेणारे साधन शरीराबाहेर असल्यास त्यास बाह्य स्थिरक म्हणतात. ते हाडाच्या पोकळीत पूर्णपणे बसविलेले असल्यास त्यास रोपित साधन किंवा दीर्घीकरण खिळा असे म्हणतात. रोपित साधनांमुळे रुग्णाचा बराच त्रास कमी झाला आहे. मात्र त्यांच्यामुळे उपद्रव नाहीसे झालेले नसून त्यांचे स्वरूप व स्थान बदलले आहे. बाह्य साधनाचा दोष त्वचेवर दिसतो, तर आतील साधनाचा दोष पुष्कळदा क्ष-किरण चित्र काढल्यावरच कळतो.

कारणे : एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असण्याची कारणे अनेक आहेत. ऊर्वस्थीची जन्मजात अपूर्ण वाढ, बालपणी झालेला अस्थिमज्जाशोथ (हाडाचा व त्यातील मगजाचा पूयुक्त दाह), हाडाच्या टोकाजवळील वाढीच्या कूर्चापट्टास झालेली इजा आणि अस्थिभंगानंतर हाड एकमेकांवर चढून सांधले जाणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. महाराष्ट्रात व एकंदर भारतात एके काळी बालपक्षाघात (पोलिओ) हे फार मोठे कारण होते. त्या रोगाने लुळ्या पडलेल्या पायाची वाढ खुंटते व तो आखूड राहतो. अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचे कार्य मुंबईत हाजीअली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेत दीर्घकाळ चालत आले आहे. नैसर्गिक पोलिओ विषाणूमुळे झालेला भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यामुळे या कारणाने येणारे नवे रुग्ण थांबले. तथापि रस्त्यांवरील अपघातांमुळे उद्‌भवणारा आखूडपणा कायम आहे. दोन्ही पायांच्या लांबीत सु. २ सेंमी. पर्यंत फरक असल्यास पादत्राणाची टाच उंचावून काम भागते. त्याहून अधिक फरक असलेल्या व योग्य त्या रुग्णांच्या बाबतीतच दीर्घीकरणाचा विचार करतात.

तत्त्व : इटलीतील बोलोन्या येथील शल्यचिकित्सक आलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला (१८६१–१९१२) यांनी हाड छेदून व जोराने ताणून पाय लांबविण्याचे प्रयत्न केले व ते १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. एकाएकी दिलेल्या ताणामुळे तंत्रिका (मज्जातंतू), रक्तवाहिन्या व त्वचा यांना गंभीर इजा होते, असे अशा प्रयत्नांतून दिसून आले. या अडचणीतून मार्ग काढला तो सायबीरियातील कुर्गान येथील गव्ह्रील इलिझारॉव्ह (१९२१–९२) यांनी. १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी वर्तुळाकार कड्यांचे व ताणलेल्या तारांचे बाह्य साधन तयार केले. हाडाभोवतीचे पर्यस्थी हे आवरण व रक्तपुरवठा शक्य तितका राखून हाड छेदले, काही दिवस थांबले व नंतर टोके दररोज सु. १ मिमी., तेही चार हप्त्यांत विभागून, दूर नेली, तर मधल्या फटीत हाडाचे ऊतक सतत निर्माण होत राहते, असे त्यांनी दाखविले. स्नायू, तंत्रिका व त्वचा यांनाही या मंद ताणाशी जुळवून घेण्यास अवधी मिळतो.

ही १ मिमी.ची गती सर्व उपद्रव समजून घेण्याची किल्ली आहे. गती कमी पडली, तर फट अकाली भरून येते. ती वाढली, तर नवे हाड विरळ राहते व मृदू ऊतके दुखावतात. ५ सेंमी. लांबी मिळविण्यास ताणाचे सु. ५० दिवस लागतात. त्यानंतर नवे हाड घट्ट होऊन पूर्ण भार पेलण्यास याहून कितीतरी अधिक काळ जावा लागतो. कोणतेही साधन वापरले, तरी जीवशास्त्राने ठरविलेला हा काळ टाळता येत नाही.

बाह्य स्थिरकाकडून रोपित साधनाकडे : इलिझारॉव्ह यांची पद्धती दीर्घकाळ सोव्हिएट संघाबाहेर फारशी ज्ञात नव्हती. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांच्या पायावर कुर्गान येथे यशस्वी उपचार झाल्यानंतर १९८१ मध्ये इलिझारॉव्ह यांनी इटलीत व्याख्याने दिली. तेथून ही पद्धती पश्चिम यूरोपात व पुढे भारतात पसरली. महाराष्ट्रात अकोला येथील इलिझारॉव्ह तंत्राचे केंद्र या विषयासाठी विशेष परिचित आहे. मुंबईचे अस्थिशल्यचिकित्सक बी. बी. जोशी यांनी सुटसुटीत सळ्या व दुवे यांचे एक देशी बाह्य स्थिरीकरण साधन तयार केले. ते मुख्यतः हाताच्या इजा व जन्मजात वाकडे पाऊल यांसाठी वापरले गेले असले, तरी मंद ताणाचे तत्त्व त्यातही आहे.

रुग्णांच्या बोलण्यात ‘रिंग’ या नावाने ओळखले जाणारे बाह्य साधन अनेक महिने पायावर वागवावे लागते. त्याच्या तारा व सळ्या त्वचा भेदून हाडात जात असल्याने त्या जागी वारंवार संसर्ग होतो, हालचालीच्या वेळी वेदना होतात, व्रण राहतात व सांधे आखडतात. हा काळ कमी करण्यासाठी हाडाच्या मज्जापोकळीत आधीच साधा खिळा बसवून त्यावरून हाड सरकविण्याची संमिश्र पद्धती पुढे आली. तीत लांबी पूर्ण होताच खिळा मळसूत्रांनी (स्क्रूंनी) पक्का करून बाह्य चौकट काढून घेतात. या पद्धतीने चौकटीचा काळ सुरक्षितपणे कमी करता येतो, असा निष्कर्ष अकोला येथील मिलिंद चौधरी यांनी २००८ मध्ये भारतीय अस्थिशल्यचिकित्सा नियतकालिकात मांडला. मात्र बाहेरील तारेच्या जागी झालेला संसर्ग आतील खिळ्यापर्यंत पोहोचला, तर तो मज्जापोकळीभर पसरण्याचा संभव असतो. म्हणून तारा व खिळा यांचा परस्परांशी स्पर्श होणार नाही, अशी काळजी या पद्धतीत कटाक्षाने घ्यावी लागते.

प्रकार : पूर्णपणे रोपित असे साधन क्रिमियातील सिंफेरोपोल येथील अलेक्सांद्र ब्लिस्कुनोव्ह यांनी १९८३ मध्ये वर्णिले. त्याचा खिळा श्रोणीच्या हाडाशी दांड्याने जोडलेला असून मांडी फिरविली की, तो लांबत असे. त्यानंतरच्या साधनांचे चालनाच्या रीतीवरून तीन गट पडतात. (१) यांत्रिक खिळे : फ्रान्समध्ये विकसित झालेल्या ‘अल्बिझिया’ या खिळ्यात पाय ठराविक कोनातून फिरविला असता आतील दातेरी यंत्रणा एक घर पुढे सरकते. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला ‘आयएसकेडी’ हा खिळा चालताना होणाऱ्या थोड्याशा परिभ्रमणाने लांबत असे. (२) विद्युत्‌ चलित्राचे खिळे : जर्मनीतील ‘फिटबोन’ या खिळ्यात सूक्ष्म चलित्र (मोटर) असते व त्वचेखाली ठेवलेल्या ग्राहकास बाहेरील प्रेषकाकडून ऊर्जा मिळते. (३) चुंबकीय खिळे : अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘प्रिसाइस’ या खिळ्यात निओडिमियमयुक्त चुंबक असतो. पायावर धरलेल्या नियंत्रकातील चुंबक फिरू लागले की, आतील चुंबकही फिरतो व दंतचक्रांच्या साहाय्याने खिळ्याची नळी पुढे सरकते. हा खिळा उलट दिशेनेही चालविता येत असल्याने अधिक झालेली लांबी कमी करता येते.

उपद्रवांचे वर्गीकरण : ड्रॉर पेली या शल्यचिकित्सकांनी १९९० मध्ये सुचविलेले वर्गीकरण आजही उपयुक्त मानतात. त्यानुसार, शस्त्रक्रियेशिवाय दूर होणाऱ्या अडचणीस ‘समस्या’, दूर करण्यास पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्या अडचणीस ‘अडथळा’ व उपचार संपल्यावरही मागे उरणाऱ्या दोषास ‘खरा उपद्रव’ म्हणतात. बाह्य स्थिरकाच्या तारेजवळचा संसर्ग बहुधा समस्याच ठरतो, कारण जखमेची निगा व प्रतिजैव औषधे यांनी तो आटोक्यात येतो. रोपित साधनात बिघाड झाल्यास मात्र तो दुरुस्त करण्यासाठी हाडाची पोकळी पुन्हा उघडावी लागते. म्हणजेच रोपित साधनाने समस्यांची संख्या घटते, परंतु जी अडचण येते ती पुष्कळदा थेट ‘अडथळा’ या पायरीवरची असते.

यांत्रिक दोष : खिळा न लांबणे, अवेळी थांबणे, अधिक वेगाने लांबणे, वाकणे अथवा मोडणे आणि त्यास पक्के करणारी मळसूत्रे सैल होणे, हे यांत्रिक दोष होत. दातेरी खिळ्यांत प्रत्येक घर सरकविताना काही रुग्णांना इतक्या वेदना होत की, त्यासाठी भूल द्यावी लागे. चालण्यावर अवलंबून असलेल्या खिळ्याचा मुख्य दोष गतीचे नियंत्रण हा होता. रुग्णाने नेहमीपेक्षा अधिक हालचाल केली की, हाड ठरल्यापेक्षा वेगाने लांबे व मधल्या फटीत नवे हाड धरत नसे. त्याला आवरण्याचा निश्चित उपाय नसल्याने त्या खिळ्याचा वापर पुढे थांबला. चुंबकीय खिळ्यांच्या पहिल्या आवृत्तीत भाग जोडलेल्या जागी मोडतोड झाल्याचे आढळल्यावर रचना सुधारण्यात आली. या खिळ्यांत चुंबकांतील अंतराला महत्त्व असते. मांडी जाड असल्यास बाहेरील चुंबकाची ओढ आत पुरेशी पोहोचत नाही. नियंत्रकाने ठराविक हप्ता पूर्ण झाल्याचे दाखविले, तरी आतील खिळा तितका लांबलाच असेल असे नाही, म्हणून लांबीची खात्री क्ष-किरण चित्रावर मोजूनच करावी लागते.

हाडातील दोष : गती कमी पडल्यास किंवा छेद अपुरा राहिल्यास नवे हाड अकाली घट्ट होते व पुन्हा छेद घ्यावा लागतो. याउलट रक्तपुरवठा कमी असणे, धूम्रपान, कुपोषण किंवा जास्त गती यांमुळे नवे हाड विरळ राहते. अशा वेळी गती मंदावतात, काही काळ थांबतात किंवा हाडाचे कलम करतात. अशक्त नव्या हाडाच्या जागी भार सगळा खिळ्यावर येतो व धातू थकून मोडतो. बाह्य चौकटीने दीर्घीकरण चालू असतानाच वाकडेपणा सुधारता येतो, तर खिळ्याने लांबी फक्त त्याच्या स्वतःच्या रेषेत मिळते. ऊर्वस्थी तिच्या अक्षाच्या दिशेने लांबविली असता दर १ सेंमी. लांबीमागे पायाची भाररेषा गुडघ्याजवळ सु. १ मिमी. बाहेरच्या बाजूस सरकते. लांबी जास्त असल्यास हा परिणाम आधीच हिशेबात धरावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांत खिळ्याचा मार्ग कूर्चापट्टातून जाऊन वाढ बिघडण्याचा, तसेच ऊर्वस्थीच्या शीर्षाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असल्याने रोपित साधनांचा वापर मर्यादित असतो.

मृदू ऊतकांतील दोष : हाडापेक्षा स्नायू व स्नायुबंध हळू लांबतात. त्यामुळे ऊर्वस्थीच्या दीर्घीकरणात गुडघा आखडतो व काही रुग्णांत गुडघा किंवा खुब्याचा सांधा अंशतः निखळतो. ज्यांच्या सांध्याचे बंध जन्मतःच दुर्बल असतात, त्यांत हा धोका विशेष असतो. नडगी लांबविताना पोटरीचे स्नायू ताठ होऊन पाऊल खाली झुकते व टाच टेकेनाशी होते. नडगीलगतचे बारीक हाडही छेदावे लागते व त्याची दोन्ही टोके मळसूत्रांनी नडगीशी पक्की न केल्यास घोटा व गुडघा यांची रचना बिघडते. तंत्रिका ताणली गेल्यास पावलाच्या वरच्या बाजूस बधिरपणा येतो व पायाचा अंगठा वर उचलता येत नाही. हे लक्षण दिसताच ताण थांबविला, तर बहुधा सुधारणा होते. दुर्लक्ष केल्यास दुर्बलता कायम राहू शकते. बाहेर चौकट नसल्याने रुग्णास व कुटुंबीयांस उपचार ‘संपल्यासारखा’ वाटतो व व्यायामाची टाळाटाळ होते. आखडलेल्या सांध्यांमागे हेही एक कारण असते.

रक्तवाहिन्या व संसर्ग : खिळ्यासाठी मज्जापोकळी कोरताना आतील दाब वाढून मेदाचे कण रक्तात शिरतात व फुप्फुसांत अडकतात. या मेद-अंतर्कीलनाने (रक्तवाहिनीत मेद अडकण्याने) श्वास लागतो, शुद्ध हरपते व क्वचित मृत्यूही ओढवतो. दोन्ही पायांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया केल्यास धोका वाढतो. दाब कमी होण्यासाठी कोरण्यापूर्वी हाडास छिद्रे पाडतात. पायाच्या खोल नीलांत रक्ताच्या गुठळ्या होणे हाही गंभीर उपद्रव आहे. रोपित साधनांत संसर्गाचे प्रमाण बाह्य साधनांपेक्षा कमी असते. मात्र झालेला संसर्ग खोलवरचा असतो व तो हटविण्यासाठी बहुधा खिळाच काढावा लागतो.

धातूचे परिणाम : टायटॅनियमच्या खिळ्यावर उपचाराच्या काळात पूर्ण वजन टाकता येत नाही. कुबड्यांशिवाय चालता यावे म्हणून २०१८ मध्ये विशेष पोलादाचा ‘स्ट्राइड’ हा चुंबकीय खिळा प्रचारात आला. अल्पावधीतच काही रुग्णांत खिळ्याच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या सांध्याजवळ वेदना, सूज, हाड झिजणे व पर्यस्थी जाड होणे असे बदल दिसू लागले. काढलेल्या खिळ्यांवर त्याच जागी संक्षारण (गंजणे) आढळले. सतत होणारे सूक्ष्म घर्षण व फटीत साचणारे शरीरद्रव यांमुळे धातूचा संरक्षक थर नाहीसा होतो व धातूचे कण आसपासच्या ऊतकांत मिसळतात. २०२१ मध्ये हा खिळा बाजारातून परत घेण्यात आला. लांबी पूर्ण मिळालेल्या, स्वतःला बरे समजणाऱ्या रुग्णांतही हे बदल आढळले होते. उपचार यशस्वी झाला म्हणजे साधन निर्धोक ठरले असे होत नाही, हा या घटनेचा मुख्य धडा होय. कार्य संपल्यावर, साधारणतः वर्ष-दोन वर्षांत, दीर्घीकरण खिळा काढून घ्यावा असे सांगतात, त्यामागे हे एक कारण आहे.

नोंद व नियमन : चुंबकीय खिळा पायात असताना एमआरआय तपासणी घातक ठरू शकते. शस्त्रक्रिया मुंबईस किंवा परदेशी झालेली असली, तरी अपघात वा अन्य आजार गावी उद्‌भवतो. छत्रपती संभाजीनगर येथील छावणी परिसरात राहणारा असा रुग्ण जवळच्या रुग्णालयात अथवा १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘घाटी’ रुग्णालयात बेशुद्धावस्थेत आणला गेला, तर पायात कोणते साधन आहे हे त्याच्याजवळील कार्डावरूनच कळू शकेल. म्हणून साधनाचे नाव, क्रमांक व बसविल्याचा दिनांक असलेले कार्ड सदैव जवळ बाळगणे आवश्यक असते.

रोपित धातूचे दुष्परिणाम शोधण्यात नोंदीला किती महत्त्व आहे, हे कृत्रिम खुब्याच्या एका प्रकारावरून भारतात दिसून आले. धातूवर धातू घासला जाणारा तो सांधा २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. तथापि तो कोणाकोणास बसविला होता, हे शोधणे पुढे कित्येक वर्षे जिकिरीचे ठरले. वैद्यकीय साधनांपासून होणाऱ्या अपायांची नोंद करण्यासाठी जुलै २०१५ मध्ये भारतीय साधनदक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्याचे समन्वयन गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग करतो. वैद्यकीय साधनांविषयीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आले. त्यांत साधनांचे धोक्यानुसार चार वर्ग केले आहेत.

उंची वाढविण्यासाठी वापर : पायांत कोणताही दोष नसताना केवळ उंची वाढविण्यासाठीही हा उपचार केला जातो. २०१६ मध्ये हैदराबाद येथे एका तरुणाने कुटुंबीयांना न कळविता अशी शस्त्रक्रिया करून घेतल्यावर तिच्या नैतिक बाजूविषयी देशभर चर्चा झाली. आखूड पायाच्या रुग्णास उपद्रवाचा धोका पत्करूनही चालण्यातील व्यंग जाण्याची आशा असते. निरोगी पायाच्या बाबतीत मात्र एखादा ‘खरा उपद्रव’ मागे उरला, तर मूळचे निर्दोष चालणेच गमावले जाते. त्यामुळे येथे धोक्याचे माप निराळे लावावे लागते. व्रण लहान असतो व चौकट दिसत नाही, एवढ्यावरून हा उपचार सोपा आहे असा समज करून घेणे योग्य नव्हे.

प्रतिबंध : उपद्रव टाळण्याचे उपाय तत्त्वतः साधे आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळीच खिळा थोडासा लांबवून यंत्रणा चालते की नाही ते पाहतात. ताणाच्या काळात एक-दोन आठवड्यांनी क्ष-किरण चित्र काढून मिळालेली लांबी, नव्या हाडाची घनता व सांध्यांची स्थिती पाहतात व त्यानुसार गती बदलतात. गुडघा व घोटा यांचे व्यायाम दररोज, दिवसातून अनेक वेळा करावे लागतात. ठरवून दिल्यापेक्षा अधिक वजन पायावर टाकू नये व धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे. दूरच्या खेड्यातील रुग्णाच्या बाबतीत वारंवार येण्याजाण्याचा खर्च, बुडणारी मजुरी व जवळपास व्यायामोपचारतज्ज्ञ असणे-नसणे यांचा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच करणे हिताचे असते. ज्यास नियमित तपासणीस येणे शक्य नाही, अशा रुग्णासाठी रोपित साधन बाह्य चौकटीपेक्षा सुरक्षित ठरेलच असे नाही. चौकट सैल झाली किंवा तिची तार पिकली, तर ते रुग्णास स्वतःला दिसते व तो वैद्याकडे येतो. आतील खिळा थांबला किंवा वाहवत गेला, तर वेदना सुरू होईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही व तोवर पुष्कळदा पुन्हा शस्त्रक्रिया करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.